माझ्याशिवाय न चालणारं मशीन

चहा आधी संपवा. नाहीतर ऐकताना हसाल, ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटेल. आधीच त्या डोक्यावर जागा उरलेली नाही!

शिकल्यासवरल्या माणसाने भर सकाळी, स्वतःच्या घरात, पोटभर पोहे खाऊन गाढवपणा कसा करावा, ते ऐका.

मी मेनफ्रेमवाला. नाक मुरडू नका! कुठल्याही लग्नात मी हे सांगितलं की समोरचा पोरगा हमखास विचारतो, "ते अजून असतं?" असतं बाबा! तुझ्या विम्याचा हप्ता दर महिन्याला कापतं ना, ते तेच. कपाटाएवढं एक मशीन आणि त्याच्या पोटात ढीगभर खोटी मशीनं. प्रत्येकाला वाटतं, हे आख्खं कपाट आपल्याच तीर्थरूपांचं. आमच्याकडचे काही बिल्डर एकच फ्लॅट चौघांना विकतात ना? तसंच. फक्त इथे चौघांनाही खरंच राहता येतं. हा सगळा देखावा सांभाळायचा, हे माझं काम. जन्मभर तेच केलं.

आता साठी आली. कंपनीचा नियम म्हणजे साठीला नारळ. पण मला घरी बसायचंच नव्हतं हो! वटार गावी आमची केळीची वाडी आहे, पण केळींचं मला कळत नाही आणि माझं केळींना. दिवसभर बायकोच्या पायात पायात करण्यापेक्षा मशीन बरं. म्हणून मुदतवाढीचा अर्ज ठोकला. आमची मॅनेजर केतकी माझ्या मुलीच्या वयाची. तिला भर मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगितलं, "मॅडम, मी नसलो तर हे मशीन एक दिवस चालणार नाही."

"एक दिवससुद्धा?"

"एक ताससुद्धा!"

जोशात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. केतकी म्हणाली, "बरं सर. सोमवारी मशीनचे मालक, ते परदेशातले विमावाले, ऑनलाइन मीटिंगला येतायत, त्यांच्याशी बोलून तुमचं ठरवू. तोवर नव्या मुलांना मशीन नीट बंद कसं करायचं ते शिकवाल? सरावाच्या मशीनवर हं सर. खऱ्या नाही."

खऱ्या नाही म्हणे! मला सांगते! तिच्या बारशाच्या आधीपासून मी मशीनं बंद-चालू करतोय.

सरावाचं मशीन म्हणजे पोटातल्या त्या खोट्या मशीनांपैकीच एक, पण मोठ्याची हुबेहूब नक्कल. आधी त्याच्या आत शिरायचं, मग बंद करण्याचा हुकूम द्यायचा. आत शिरलात काय, बाहेर राहिलात काय, स्क्रीन तीच. काळ्यावर हिरवी अक्षरं.

शुक्रवारी सकाळी पोहे खाल्ले आणि घरूनच, लॅपटॉपवर मशीनला जोडून, एकट्याने रंगीत तालीम करायला बसलो. मनातल्या मनात पोरांना भाषणही चालू होतं, "बघा, हात असा स्थिर पाहिजे…" हुकूम टाइप केला. एंटर मारलं. सरावाचं मशीन बंद झालं. वा! मग मोठ्या मशीनवर परतायला गेलो, तर परतायला काही जागाच नाही. स्क्रीन ठार मेलेली.

सरळ डोक्याचा माणूस अशा वेळी काय करेल? आपण नक्की काय टाइप केलं ते आठवून बघेल. मी काय केलं? खिडकी उघडून बोंब मारली!

"फ्रान्सिसकाका! पंप बंद करा! माझी लाइन गेली!"

फ्रान्सिसकाका म्हणजे आमचे शेजारी. कुंपणापलीकडे त्यांची वाडी; तिथला पंप लागला की माझं इंटरनेट जातं, असा माझा जुना संशय. त्यांनी केळीच्या पानांतून डोकं बाहेर काढलं. "अरे दिनू, पंप बंदच आहे. पाणी कालच लावलं."

"मग आता चालू करू नका!"

"बरं बाबा," म्हणाले आणि डोकं आत घेतलं. त्या माणसाच्या सोशिकपणाला माझा नमस्कार.

पंप नाही, म्हणजे वायरवाला! आमच्या भागात इंटरनेटच्या वायरी भरत बघतो. मूळचा जूचंद्रचा, पोट सुटलेला, स्वभावाने गरीब. त्याला फोनवर असा काही झापला, असा काही झापला, की तो हातातलं काम टाकून शिडी घेऊन आला. आल्याआल्या त्याने इंटरनेटच्या डबीकडे पाहिलं.

"काका, लायटी तं सगल्या हिरव्या हायत."

"लाइटवर जाऊ नकोस! वर चढ!"

बिचारा चढला. मी खाली शिडी धरून उभा आणि माझं तोंड सुरू. "तुम्हा लोकांना जबाबदारी कशी ती नाहीच! तुमच्या एका वायरीपायी तिकडे परदेशात लोकांचे विम्याचे दावे अडकतील, कळतंय का? आमचं मशीन बघ, बंद पडणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही!"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून एका बाईचा खणखणीत आवाज आला. "आता मंद आचेवर बोंबील उलटून घ्या."

वर भरत थांबला. खाली मी थांबलो.

"काका," भरत वरून म्हणाला, "काकूंचा नेट तं मस्त चाललाय."

"तिचं ते मोबाईलचं असेल!"

बायको मोबाईल हातात घेऊनच खिडकीत आली. "कसलं मोबाईलचं? माझं रिचार्ज संपून आठवडा झाला. तुम्ही मारणार होतात ना? मी आपली घरच्याच नेटवर बघतेय."

आणि मला लख्ख आठवलं. मी आत शिरलोच नव्हतो! सरावाच्या मशीनच्या आत न शिरताच बंदचा हुकूम सोडला होता. माळ्यावरचा दिवा घालवायला गेलो आणि आख्ख्या घराचा मेन स्विच पाडला. खरं मशीन! विमावाल्यांचं! आणि सोमवारी तेच विमावाले माझं ठरवणार!

हातातून शिडी सुटली. भरत भिंतीला पालीसारखा चिकटून ओरडतोय, "काका, शिरी! शिरी धरा!" आणि मी अंगणात पुतळा. शेवटी बायकोनेच येऊन शिडी धरली.

मग फोनसमोर बसलो. आता वाजेल. आता केतकी ओरडेल, मग तिचा साहेब, मग त्याचा साहेब. पण फोन गप्प. इतका गप्प की बायकोच्या फोनवरून स्वतःलाच फोन लावून बघितला. वाजला हो! तेवढ्यानेसुद्धा मी दचकलो. भरत समोर चहा पीत माझ्याकडे असा बघत होता, जसं आपण उन्हाने डोकं फिरलेल्या माणसाकडे बघतो.

जेवणाची वेळ झाली, तरी कोणी विचारेना. माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, पकडले जाण्यापेक्षा आपणच कबूल व्हावं. लावला केतकीला.

"मॅडम, मी खरं मशीन बंद केलं! सराव समजून! पोरांना बोलू नका, चूक माझी एकट्याची. मला आजच काढा!"

"सर, सर, आधी श्वास घ्या. कधी बंद केलंत?"

"सकाळी. पोह्यांनंतर."

पलीकडून थोडा वेळ नुसती टकटक ऐकू आली. मग म्हणाली, "पण काम सगळं चालू आहे सर. पहिलं मशीन पडल्याबरोबर शेजारच्या राखीव मशीनने सगळं उचललंय. विमावाल्यांना काही कळलेलंच नाही."

"अहो, आणि आपल्या पोरांना? अलार्म वाजला असेल!"

"वाजला ना. त्यांना वाटलं, सरांचं काहीतरी नेहमीचं चाललं असेल."

मी कपाळावर हात मारला.

"पण काय सुंदर सोय आहे हो ही!" केतकी म्हणाली. "कोणी केली?"

झालं! गप्प बसावं की नाही? पण इतका वेळ मेलेला माझा अभिमान टुणकन उठून बसला. "कोणी म्हणजे? मी! सगळी जुळणी माझी, एकट्याची! अहो, अशी पक्की करून ठेवलीय की मी असलो काय, नसलो काय, मशीनला ढिम्म…"

एवढं बोललो आणि जीभ चावली.

केतकी अगदी प्रेमाने म्हणाली, "सर, सोमवारी त्यांना काय सांगू? चुकून झालं, की तुम्ही मुद्दाम परीक्षा घेतलीत?"

बघा हं पेच! चुकून म्हटलं तर गाढव म्हणून घरी. मुद्दाम म्हटलं तर हुशार म्हणून घरी. मी हुशार निवडलं.

सोमवारी ऑफिसात विमावाल्यांनी स्क्रीनवरून टाळ्या वाजवल्या. एक गोरी बाई म्हणाली, जाताना स्वतःची गरजच उरू नये अशी व्यवस्था करणारा माणूस तिने पहिल्यांदाच बघितला. मीही मान झुकवून, हात जोडून, सगळं आधीपासून ठरलेलं असल्यासारखा हसत होतो. अर्ज कुठे गेला, कोणी विचारलं नाही. मला शाल मिळाली, नारळ मिळाला.

संध्याकाळी ती शाल पांघरूनच घरात शिरलो. बायकोने सगळं ऐकून घेतलं, नारळ हातात घेऊन कानाशी हलवून बघितला आणि म्हणाली, "जन्मात एकच काम नीट केलंत, आणि तेच नडलं!"