दुपारी सावलीला बसणारी वीज

आमच्या घरात विजेचा जाणकार मी एकटाच आहे, आणि आमचं जे काही नुकसान झालं ते त्यामुळंच झालं.

माझ्या बायकोला, सुरेखाला, पिठाची गिरणी टाकायची होती. आमच्या कन्हेरीच्या वस्तीवरच्या बायका दळणाचे डबे घेऊन लांब जायच्या, त्यामुळं गिऱ्हाईक दारातच होतं. प्रश्न एवढाच, की गिरणी चालवायची कशावर? मी बारामतीत ठिबकच्या दुकानात कामाला आहे. तिथं पाइप विकता विकता माणसाला सगळ्याच विषयांत गती येते. मी तिला म्हणालो, "थांब. आदी पंचवीस वर्सांचा हिशेब काढू."

आणि रोज जेवताना मी तो काढू लागलो. डिझेलचा जनरेटर घ्यायला स्वस्त, पण पाजायला महाग. इन्व्हर्टर गुणी, पण दर काही वर्षांनी नवी बॅटरी मागणार. तारेवरची वीज आज परवडते, पण तिचा दर कधी उतरल्याचं कुणी ऐकलंय का? सोलर मात्र एकदाच काय तो खिसा रिकामा करते, मग ऊन फुकट. (पवनचक्कीचाही मी विचार मांडला होता. पण त्या दिवशी आमटी इतकी खारट झाली की विषय तिथंच राहिला.)

"पर टिकलं पायजे पंचवीस वर्सं," मी बोट उगारून म्हणालो. "नीट सांभाळलं तर सगळ्यांत स्वस्त, न्हायतर सगळ्यांत महाग."

माझे वडील, आबा, भाकरी कुस्करत ऐकत होते. अर्धा जन्म त्यांनी मेंढरांमागं काढलेला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा कळप विकला. "पंचवीस वर्सं मी कुटला असतोय," ते म्हणाले. "पर सांभाळायचं म्हंजे सांभाळायचं."

सुरेखानं बचत गटातली सगळी शिल्लक काढून दिली. "बिल आलं तर गिरणी बंद करावी लागंल बघा," एवढंच ती म्हणाली. छपरावर पॅनेल बसली, हळदीकुंकू झालं, नारळ फुटला. पहिलं बिल नावापुरतं आलं. मी शेजारच्या तात्यांना बोलावून चहा पाजला आणि सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून ऐकवला. तात्यांनी कप रिकामा होईपर्यंत ऐकला.

मग उन्हाळा लागला. ऊन वाढलं आणि वीज घटली! कमी पडेल ती तारेवरची घ्यावी लागली, आणि तिचं बिल असं आलं, की सुरेखानं ते वाचलं, घडी करून फळीवर ठेवलं आणि गिरणी पुसायला घेतली. ती चार शब्द बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी तपासाला लागलो. पहिला संशय दारच्या शेवग्यावर. त्याची एक फांदी छपराकडं झुकलेली होती. एका फांदीसाठी मी अख्खा शेवगा तोडला.

"शेंगा भरल्या हुत्या त्याला," सुरेखा म्हणाली.

वीज होती तिथंच राहिली. दुसरा संशय तात्यांच्या कबुतरांवर.

"तात्या, तुमची कबुतरं आमच्या पॅनेलवर घाण करत्यात."

"बघितलीस व्हय करताना?"

"बघायला कशाला पायजे? हिशेबात दिसतंय की."

तात्यांनी त्या दिवसापासून आमच्याकडं यायचं सोडलं. (तेवढीच चहापत्तीची बचत.)

राहता राहिले पॅनेल विकणारे. मोबाईलवर विजेचा आलेख दिसायचा. सकाळी तो छान चढायचा, बाराच्या सुमारास कड्यावरून पडल्यासारखा खाली यायचा आणि चारला पुन्हा वर. मी त्यांना फोन लावला. तिकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "दुपारी पॅनेलवर सावली पडते का?"

"सावली? अवो, उन्हाळ्यात आमच्याकडं कुटं सावली पडली असती तर मीच तिच्यात जाऊन बसलो असतो. तुमचा माल खोटा हाय. दुपारी माणूस पाठवा, पंचांसमोर दाखवतो!"

माणूस आला. मी रजा काढली. पंच म्हणून तात्यांना हातापाया पडून आणलं. भर दुपारी वरात जिना चढू लागली. पुढं मी, छाती काढून.

वर प्रत्येक पॅनेलवर घोंगडी अंथरलेली होती. चारी कोपऱ्यांवर दगड. आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, मांडीवर काठी घेऊन, आबा राखण करत बसलेले.

"हळू या," आबा हलक्या आवाजात म्हणाले. "आत्ताच बसवल्यात."

मी एका घोंगडीचं टोक उचलायला वाकलो. आबांनी काठी आडवी धरली आणि म्हणाले, "दुपारच्या पारी मेंढरू चरत न्हाय. सावलीला बसवावं लागतं, न्हायतर तकवा जातो. चारला सोडतो परत. तूच म्हणालास न्हवं, पंचवीस वर्सं टिकवायचं?"

आवाज ऐकून सुरेखाही वर आली. "मला वाटलं, कसर लागू नये म्हणून घोंगड्यांना ऊन देत्यात," ती म्हणाली. "दोन तर मीच आणून दिल्या."

मग तिनंच त्यांना समजावलं. "आबा, ही जात उलटी हाय. हिचा चाराच ऊन. भर दुपारी हिला मोकळं ठेवावं लागतं."

आबांचा चेहरा उतरला. "म्हंजे पोरी, तुजी गिरणी मीच उपाशी ठिवली व्हय?"

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दगड उचलू लागले. मी खरं तर ओरडायला तोंड उघडलं होतं. पण त्याच गुडघ्यांनी आबा रोज भर उन्हात हा जिना चढत होते, आणि जी पंचवीस वर्षं आपण बघणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, तीच माझ्यासाठी सांभाळत होते. असा बाप मिळाला याचं मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मी खाली बसून दुसरीकडचे दगड उचलले.

"मग माज्या कबुतरांचं काय?" तात्यांनी मागून विचारलं.

कबुतरांची माफी मागितली. तात्यांचा चहा सुरू झाला. सणसरच्या बहिणीकडून शेवग्याची फांदी आणून लावली, तिला पालवी फुटलीय. आबा आता रोज सकाळी पॅनेल धुतात, कातरणीच्या आधी मेंढरं धुवायचे तशी, आंजारत-गोंजारत. बिल पुन्हा नावापुरतं येतं, आणि गिरणीपुढं डब्यांची रांग असते.

घोंगड्या तेवढ्या रिकाम्या झाल्या. परवा सुट्टीला मी दुपारी पडवीत आडवा झालो होतो. घामानं जाग आली, बघतो तर अंगावर घोंगडी आणि उशाला आबा.

"आबा, ह्यांच्यावर कशाला टाकलीसा?" सुरेखानं गिरणीतून विचारलं.

"दुपार हाय. ह्याला बी टिकवायचाय."

"मग असू द्या," ती म्हणाली. "ह्यांना झाकलं तरी काय उत्पादन घटायचं न्हाय."