शेवटच्या कडव्यातलं नाव

मुदखेडच्या बाजारात हल्ली लोक माझ्यासोबत फोटो काढतात. माझ्यात फोटो काढण्यासारखं काही नाही. रेल्वेत गँगमन होतो, रुळाखाली खडी ठोकण्यात जिंदगी गेली, चौथीपुढं शाळा नाही. पण टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत जी पोरगी गाजली ती माझ्या लेकीची लेक. म्हणून फोटो. "आजोबा, हसा की जरा," म्हणतात. मी हसत नाही. मग म्हणतात, म्हातारं लई माजलंय.

माजलो नाही. माझी बायको गेली, आणि ती काय मनात घेऊन गेली ते मला माहीत आहे.

नावं मी इथं कुणाचीच लिहिणार नाही. नातीचं लिहायची गरज नाही, ते पोस्टरवर आहे. बायकोचं जिथं यायला पाहिजे होतं तिथं आलं नाही. मग या कागदावर घालून काय करू?

ती गायची. आमच्या वस्तीतल्या बायांची गायन पार्टी होती. जयंती असो, कुणाचं बारसं असो, कुणी वारल्यावरचं पुण्यानुमोदन असो, बोलावणं आलं की पार्टी निघाली. भोकर, बिलोली, कुठं कुठं गेलो. ती पुढं म्हणायची, बाकीच्या बाया मागून उचलायच्या, आणि ढोलकी माझी. दिवसा ती मळ्यात फुलं तोडायला जायची आणि तोडता तोडता गाणी जुळवायची. तिला लिहिता येत नव्हतं. जुळलं की घरी येऊन मला म्हणून दाखवायची. मी ताटावर ठेका धरायचो आणि जेवण थंड व्हायचं.

आमच्यात एक रीत आहे. गाणं ज्यानं केलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. गाणारा कुणीही असो, ते नाव घेतल्याशिवाय गाणं सोडायचं नाही. दुसऱ्याचं गाणं खुशाल म्हणा, इजाजत कुणी मागत नाही. पण नाव खाल्लं तर ती चोरी. आणि त्या जागी आपलं नाव घातलं तर चोरीच्याही पुढचं काहीतरी. बिलोलीकडं एका पार्टीवाल्यानं हिच्या गाण्यात स्वतःचं नाव घातलं होतं. हिनं भर मांडवात त्याच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाली, "दादा, लेकरू माझं हाय. त्याचा बाप तुमी कवापासून झाला?" मांडव हसून लोळला. तो गडी परत आमच्या बाजूला फिरकला नाही.

तिचं एक गाणं फुलं तोडणारीचं होतं. 'फुलं तुमच्या हाराला, काटं माझ्या बोटाला.' शेवटच्या कडव्यात 'अमकी सांगते, ऐका गं, हाराआधी हात बघा गं' असं यायचं. अमकी म्हणजे ती.

लेक लातूरला दिलेली. जावयानं नातीला डॉक्टर करायचं ठरवलं होतं. लातुरात पोरांचं दुसरं काही ठरवतच नाहीत. पण उन्हाळ्यात पोरगी आमच्याकडं यायची आणि आजीच्या मांडीला मांडी लावून गायची. श्वास कुठं चोरायचा, शब्द कुठं सोडायचा, मागच्या बायांना उचलायला जागा कशी ठेवायची, सगळं हिनं शिकवलं. चुकली की म्हणायची, "गळा हाय तुला, कान न्हाई. आदी आईक." पोरगी रडायची, नाक पुसायची आणि पुन्हा बसायची.

मग क्लासमधल्या मैत्रिणीनं तिचा व्हिडिओ टाकला, टीव्हीवाल्यांनी बोलावलं, तिची निवड झाली आणि ती मुंबईला गेली. पुढच्या महिन्यात टीव्हीवाले मुदखेडला आले, 'घरचं शूटिंग' करायला.

आमचं घर पक्कं आहे. नोकरीत असताना बांधलं. खाली फरशी, वर स्लॅब. ते बघून त्यांच्यातल्या बाईचं तोंड उतरलं. तिनं गल्ली फिरून शेजारच्या चाचाचं बकऱ्यांचं शेड पसंत केलं. त्याच्या समोर आम्हाला बसवलं, तीन दगडांची चूल मांडली आणि हिला म्हणाली, "आजी, फुंका."

"घरात गॅस हाय. कालच टाकी आली."

"माहितीये हो. पण फुंका ना जरा. छान दिसतं."

"धूर छान दिसतो व्हय?"

चाचा दारात उभा होता. तो म्हणाला, "फूंको भाभी. बकऱ्यां हमारे, गरीबी तुम्हारी."

तेव्हा आम्ही सगळे हसलो. हिनं फुंकलं, कारण त्या बाईनं कबूल केलं होतं की गाणं पुरं घेऊ. आणि घेतलंही. धुरात बसून हिनं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, नावासकट.

ज्या दिवशी ते लागणार होतं त्या दिवशी सगळी वस्ती आमच्या घरात होती. चूल दिसली. बकऱ्या दिसल्या. "देखो, मेरी काली," चाचा म्हणाला. हिचे धुरानं भरलेले डोळे दिसले, आणि मागं रडकं संगीत. हिचा आवाज काढून टाकलेला. मग स्टेजवर नात आली, नऊवारी नेसून. तिनं मुखडा म्हटला, एक कडवं म्हटलं आणि थांबली. टाळ्या. परीक्षक उठून उभे राहिले. खाली पट्टी आली.

"काय लिवलंय?" हिनं विचारलं.

"पारंपरिक लोकगीत."

"पारंपरिक म्हंजे?"

"म्हंजे लई जुनं. कुणी केलं ते ठाव न्हाई, असं."

"मंग मला इचारायचं. मी हितंच बसलेय."

सगळे हसले. ती हसली नाही.

पोरीचा फोन आला. "आज्जी, इथं दीड मिनिटच देतात गं. मी बोलले त्यांच्याशी. फायनलला पुरं म्हणते, शप्पथ." हिला ते पटलं. मग घरात तेवढंच सुरू झालं. फायनल कवा हाय, आवं, फायनल कवा हाय.

तोवर हिच्या किडन्या साखरेनं खाल्ल्या होत्या. आठवड्यातून दोनदा नांदेडला नेऊन मशिनवर रक्त धुवून आणावं लागायचं. एकदा ती मशिनवर पडलेली असताना बाजूच्या बाईच्या मोबाइलवर तेच गाणं वाजलं.

ही म्हणाली, "बाई, ते माझं हाय."

"हाव का मावशी? ती पोरगी तुमची नात व्हय?"

"नात बी माझीच. पर मी गाण्याचं म्हणून राहिले."

बाई बरं म्हणाली आणि माझ्याकडं बघून कानाजवळ बोट फिरवलं. मी म्हणालो, "न्हाई, खरंय. तिनंच केलंय." बाईनं मग माझ्याकडंही तसंच बघितलं.

फायनल आली. पोरीनं शब्द पाळला. दोन कडवी म्हटली, शेवटचं सुरू केलं. ही उशी सरकवून उठून बसली. मी खाटेच्या कडेवर ठेका धरला होता. आणि नावाच्या जागी पोरीनं स्वतःचं नाव घेतलं.

हॉल उसळला. लोकांच्या हातात तिच्या नावाच्या पाट्या होत्या, नाव ऐकल्यावर दुसरं काय होणार. ती जिंकली. वरून सोनेरी कागद पडला. मी टीव्ही बंद केला.

हिनं सरकवलेली उशी पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाली, "तिचं नाव आखूड हाय. ओढाया लागलं तिला. ठेक्यात बसलं न्हाई."

"फोन लावतो तिला."

"नको. लेकरू हाय. म्हणाया लावलं असल कुणी."

"बिलोलीच्या गड्याला तर तू भर मांडवात सोललं व्हतं."

"तो परका व्हता," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

त्यानंतर ती गायली नाही. गुणगुणलीही नाही. थोड्याच दिवसांत गेली. डॉक्टर म्हणाले, किडनी. मी अडाणी माणूस, डॉक्टरला खोटं म्हणत नाही. पण घरात मी होतो, डॉक्टर नव्हता.

पुण्यानुमोदनाला विहारासमोर मांडव घातला. भंतेजींची वंदना झाली. त्यानंतर रीतीप्रमाणं गायन पार्टी बसायची होती. तेवढ्यात नात लातूरहून मोठ्या गाडीत आली, सोबत तिचे कार्यक्रम ठरवणारा माणूस. गाडीभोवती एवढी गर्दी झाली की माझ्या लेकीला माझ्यापर्यंत पोचता येईना. पोरं सेल्फी घेऊन राहिली होती. नात माझ्यापाशी आली आणि रडली. खरं रडली, ते मी सांगतो.

मी म्हणालो, "आजीचं गाणं म्हण. पुरं म्हण. नाव तिचं घे. दुसरं काही मागत न्हाई."

"हाव नाना. त्याच्यासाठीच आले."

"फायनलला कामून तसं केलंस?"

"टीव्हीवाले म्हणले, आजीचं नाव कुणाला कळणार न्हाई, तुझं घे. मी बरं म्हणले. नाना, तवा मला काहीच सुचून नव्हतं राहिलं."

ती आजीच्या जागेवर बसली. मागं पार्टीतल्या जुन्या बाया, बाजूला ढोलकी घेऊन मी, समोर हिचा फोटो. मोबाइल वर झाले. पोरगी लई चांगली गायली. आजीपेक्षा चांगली, हेही लिहितो. शेवटचं कडवं आलं, आणि तिच्या तोंडातून तिचंच नाव निघालं.

मुद्दाम नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. गावोगावच्या स्टेजवर तेच म्हणून म्हणून जिभेला वळण पडलं होतं. तिनं तोंडावर हात ठेवला. पण मागच्या बायांनी तेच नाव उचललं. ज्यांनी जन्मभर हिच्या मागं म्हटलं त्या बायांनी. त्यांच्याही कानात आता टीव्हीच होता. आणि मांडवात टाळ्या पडल्या. मी हात खाली घेतला. ढोलकी थांबलेली कुणाला कळली नाही.

"पुन्हा म्हणते, नाना," ती म्हणाली. पण जेवणाला बसा म्हणून पुकारलं होतं, लोक उठले होते, मांडववाल्यानं माइक बंद केला होता. ती तशीच बसून राहिली आणि नुसतं शेवटचं कडवं घेतलं. आजीचं नाव घेतलं तर ते तिला बसवता येईना. आखूड नावाची सवय. जिथं ओढायचं तिथं ओढलं आणि नाव फुटलं, अर्धं ठेक्याच्या अलीकडं, अर्धं पलीकडं. पार्टीतली एक म्हातारी म्हणाली, "तसं न्हाई गं बाई. नाव आदीपासून उचलून घ्यावं लागतं." पुन्हा चुकली. मग एकदाचं बसलं. ऐकायला आम्ही दोघं-चौघं. पलीकडं वाढपी ओरडत होते, भात, भात. तिच्या माणसानं घड्याळ दाखवलं. संध्याकाळी उदगीरला कार्यक्रम होता.

लोकांच्या मोबाइलात पहिल्यांदा म्हटलेलंच आहे. 'आजीच्या आठवणीत नात भावुक' असं लिहून ते मलाच पाठवतात.

उदगीरच्या कार्यक्रमानंतर चार-सहा दिवसांनी तिचा फोन आला.

"नाना, उदगीरला मी आज्जीचं नाव घेतलं. बरोबर बसलं."

"मग?"

"लोक गपच झाले. त्यांना वाटलं, मी चुकले."

मी विचारलं, "आन् त्याच्यानंतर?"

"काल अहमदपूरला कार्यक्रम झाला," ती म्हणाली. "तिथं माझंच घेतलं."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.