जहाजाचा झेंडा उसवला तेव्हा

भवानी पेठेतल्या एका हातमागावर मी एक लढाऊ जहाज तळापासून वर चढताना पाहिलं. भिंतीवर लावायचं चित्र मागावर खालून वर विणत जातात. त्यामुळे आधी समुद्र आला, मग जहाजाचं सागवानी पोट, तोफांच्या खिडक्यांची रांग, मग शिडं. झेंडा सगळ्यात शेवटी.

हे चित्र वळसंगच्या एका निवृत्त नौसैनिकानं गावच्या शाळेला भेट देण्यासाठी विणायला सांगितलं होतं. जहाज शिडांच्या काळातलं, मुंबईच्या गोदीत बांधलेलं. विणकर माझे शेजारी. पेठेत सगळे त्यांना मामा म्हणतात. डोळे साथ देईनात, तेव्हा हे शेवटचं चित्र, मग माग उतरवायचा, असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्यांच्या कामात आजवर कुणी चूक काढली नव्हती. शेवटच्या चित्रात ती निघू नये, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून नकाशाचा, म्हणजे विणायच्या चित्राच्या आराखड्याचा, कागद तपासायला माझ्याकडे दिला. वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली होती.

मी जहाजाची नोकरी तपासली आणि मामा-मामींना सांगितली. उमेदीत लढाया. मग व्यापारी गलबतांची राखण. वय झाल्यावर तोफा उतरवून कोठार. शेवटी बंदरात नांगर टाकून नव्या खलाशांची शाळा. चित्राखालच्या दोन ओळींतले ऱ्हस्वदीर्घ दोनदा पाहिले, कागदावर 'बरोबर' लिहून सही केली.

नौसैनिक आला तेव्हा झेंडा विणून झाला होता. चित्र अजून मागावरच होतं. त्यानं ते खालून वर न्याहाळलं.

"लई झ्याक, मामा. पण ह्या जहाजाला वारं दोन बाजूंनी लागतंय की."

"म्हंजे?"

"शिडं फुगल्यात फुडं, आन झेंडा चाललाय मागं."

"पुढं जाणाऱ्याचा झेंडा मागंच जातो की! मिरवणुकीत मोटरसायकलवर बघितला न्हाय का?"

"मोटरसायकल पेट्रोलवर चालती, मामा. हे वाऱ्यावर."

चहा घेऊन आलेल्या मामींनी माझ्याकडे पाहिलं. "पेपरवाले, सही तुमीच केली न्हवं?"

केली होती. मीही झेंडे मिरवणुकीतच पाहिले होते.

मामांना पटेना. नौसैनिकानं कोपऱ्यातला पंखा त्यांच्या पाठीमागे आणून लावला आणि खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या हातात दिला. मामांनी तो डोक्यावर धरला. टॉवेल पुढे फडफडला.

"आता चाला फुडं."

मामा दोन पावलं चालले. टॉवेल पुढेच राहिला.

"ऱ्हाऊ द्या, मामा," नौसैनिक नरमला. "शाळेत कुणाला कळतंय?"

"तुला कळलं की," मामा म्हणाले आणि त्यांनी कात्री मागितली.

झेंडा विणायला दोन दिवस लागले होते. तो उसवायला घेतला, पण कुठला धागा ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे मामांना दिसेना. मामींनी चष्मा पुसला, त्यांना बाजूला सरकवलं आणि त्या मागावर बसल्या. त्या घरात त्यांनी धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरण्यात चाळीस वर्षं घालवली होती. मागावर कधी बसल्या नव्हत्या. मामा शेजारी स्टूल घेऊन सांगत राहिले, त्या धागे भरत राहिल्या.

"हळू. ठोका हळू मार."

"तुमी गप बसा. तुमच्या ठोक्यानंच झेंडा मागं गेला."

चौथ्या दिवशी झेंडा पुढे वळला. त्याची एक कड किंचित वाकडी आहे. नौसैनिकानं ती बघितली आणि भर वाऱ्यात कड सरळ राहतच नाही, असं ठामपणे सांगितलं.

चित्र शाळेत गेलं. माग उतरवायला माणूस कधी बोलावताय, असं मी मामांना विचारलं. उत्तर मामींनी दिलं.

"तोफा काढल्यावर त्या जहाजाचं काय झालं म्हणाला होता तुमी?"

"आधी कोठार, मग शाळा."

"कोठार नको. ह्यांची शाळाच करू."

माग अजून जागेवर आहे. मामी सध्या त्यावर मोर विणत आहेत आणि मामा स्टुलावर बसून बोलणी खात आहेत. मोराचा कागद तपासायला माझ्याकडे आला नाही. तो वळसंगला नौसैनिकाकडे पाठवला होता.