शंभर शब्दांतून गाळलेली वहिनी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. तुमच्याजवळ का बोलतेय, तेही नीट सांगता येणार नाही.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात आम्ही मराठी लिहिणारे थोडेच. आम्ही आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शंभर शब्दांच्या गोष्टी लिहितो. नियम कडक — एक शब्द कमी-जास्त झाला की गोष्ट बाद. मला हा प्रकार फार आवडतो, अजूनही. लांब कथेत पाल्हाळ खपून जातं. इथं बिनकामाच्या शब्दाला दारातूनच परत पाठवावं लागतं. उरतं ते थेट काळजात जातं.

माझी गाजलेली गोष्ट आईवरची. अंथरुणाला खिळलेली आई, तिला घास भरवणारी, तिची वेणी घालणारी लेक. ग्रुपवर लोक रडले. सौंसरला एका कार्यक्रमात मला ती वाचायला लावली.

सांगू? — ती लेक मी नव्हते. मी रविवारी सौंसरला माहेरी जायची, आईजवळ बसायची, चहा घेऊन संध्याकाळच्या बसनं परत. आईचं हगणं-मुतणं काढलं ते वहिनीनं, माझ्या भावाच्या बायकोनं. घास तिचा, वेणीही तिचीच.

कार्यक्रमाला वहिनी ठेवणीतली साडी नेसून आली होती. घरी जाताना एवढंच म्हणाली, "ताई, मी नाही आली का त्याच्यात?"

शंभरच शब्द असतात, मावत नाही — असं मी म्हटलं. तिला पटलं. इतकं पटलं, की पुढं तिची शेजारीण यावरून मला टोचून बोलली तेव्हा तीच भांडली, "मोजून लिहा लागते वो. ताई तरी काय करन?"

खरं काय होतं? गोष्ट ब्याण्णव शब्दांतच संपली होती. उरलेल्या जागेत मी अंगणातलं चांदणं भरलं, कडुनिंबाचा वास भरला. वहिनी मावत नव्हती असं नाही. मला सेवा करणारी लेक व्हायचं होतं. किती हलकट असावं माणसानं?

गेल्या उन्हाळ्यात वहिनी गेली. त्याआधी दवाखान्यात भेटायला गेले, तर शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती कौतुकानं सांगत होती, "ह्या माह्या ननंद. मायची लय सेवा केली यायनं."

मी तिथंच उभी होते. नाही म्हणाले नाही.