शिंदेमामांची झोप

शिंदेमामा उघड्या डोळ्यांनी झोपतात, हे मला बरेच दिवस कळलंच नाही. ओटीवर भिंतीला टेकून समोर बघत बसलेले असायचे. काही विचारलं तर उत्तर नाही. मला वाटायचं, माणूस तुसडा आहे.

ते साताऱ्याकडचे. तारापूरला वीजघराचं बांधकाम चाललं होतं, तिथे क्रेन चालवायचे. आमचे हे त्याच पाळीला खाली लोखंड बांधायला. जवळच्या पाम गावात आमच्या खोल्या शेजारी शेजारी. पाळी दर आठवड्याला बदलायची. रात्रपाळीहून यावं, तर दिवसा कौलं तापलेली, माश्या, माझं कांडण. "मामा, जरा पडा ना," म्हटलं की हसायचे. "झोप काय मोलकरीण हाय व्हय माझी? मी सांगीन तवा यायला." आणि माझ्या दीड वर्षाच्या शकूला खांद्यावर घ्यायचे.

एका सकाळी दोघं पाळीवरून आले. हे आत आडवे झाले. रस्त्यावर बोंबीलवालीची हाक आली.

"मामा, शकूकडे बघा हं."

"बघतोय की."

मासळी घेऊन वळले, तर शकू ओटीसमोरच्या विहिरीपाशी. त्या विहिरीला कठडा नव्हता. काठावर ओणवी होऊन ती पाण्याकडे बघून हसत होती. आणि मामा चार पावलांवर ओटीवर, डोळे सताड उघडे, थेट तिच्याकडेच बघत.

"मामा!" मी किंचाळले. त्यांची पापणीही हलली नाही.

हातात मासळी घेऊन मी तिथंच उभी. बोंबीलवालीच टोपली टाकून धावली. झबलं धरून तिनं पोर मागे ओढली, मग मामांना गदागदा हलवलं. "भाऊ, जिता हाय का नाय तू?"

"बघतोय की वहिनी," मामा दचकून म्हणाले. मग त्यांना विहीर दिसली, माझं तोंड दिसलं. ते मटकन खाली बसले. 

"क्रेनखाली आठ माणसं असत्यात, वहिनी," ते म्हणाले. "काल रातीबी मी असाच बघत व्हतो."

दुपारीच त्यांनी मुकादमाला सांगितलं, मी क्रेनवर बसणार नाही. तोंडावर पाणी मार, मुकादम म्हणाला. मामांनी ट्रंक उचलली आणि बोईसर स्टेशनची वाट धरली. निघताना शकूनं हात पसरले, तर त्यांनी आपले हात पाठीमागे घेतले.

संध्याकाळी हे डबा घेऊन निघाले. मी दारात आडवी उभी राहिले.

"अगं, आज क्रेनवर दुसरा माणूस आहे."

"तो दिवसा झोपलाय का?"

ह्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. मला बाजूला केलं आणि गेले.