ऋणनिर्देशाची शेवटची ओळ

पदवी हातात पडल्यावर माझ्या वर्गातले बहुतेक जण नोकरीच्या अर्जांमागे लागले. मला तेवढी उसंत नव्हती. कसब्यातली वडिलांची तांब्याच्या भांड्यांची भट्टी तोवर थंड झाली होती. मी एक जुना मराठी टाइपरायटर मिळवला आणि शनिवार पेठेत एका जिन्याखाली बसून विद्यापीठाचे प्रबंध टाइप करू लागलो. पुढची तीस वर्षं तेच केलं.

दराच्या बाबतीत मी कोणाची गय केली नाही. "पानाला एवढे?" असं कोणी म्हटलं की मी म्हणायचो, "मग हातानेच लिहून द्या विद्यापीठाला. अक्षर बरं आहे तुमचं." गिऱ्हाईक कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, कारण माझ्या पानात खाडाखोड नसायची.

या माणसांचं पुढे काय झालं ते मला रस्त्यात भेटून कळायचं. दगडफुलावर संशोधन केलेला एक जण बायकोबरोबर गोडा मसाला विकू लागला. तेच दगडफूल आता तो पोत्याने घ्यायचा. कूळकायद्यावर लिहिणाऱ्या बाई न्यायाधीश झाल्या. नीतिशास्त्राच्या डॉक्टरांचं गाव शहराच्या हद्दीत आलं आणि ते गुंठ्याच्या भावाशिवाय दुसरं बोलेनासे झाले. एक हुशार माणूस जकात नाक्यावर पावत्या फाडताना दिसला. त्याने मला ओळख दिली नाही आणि मीही आग्रह धरला नाही.

प्रबंधात ऋणनिर्देशाचं पान सगळ्यांत शेवटी टाइप व्हायचं. मार्गदर्शक, ग्रंथपाल, सोसणारी बायको, सगळ्यांचे आभार मानून होईपर्यंत लिहिणारा थकलेला असायचा. "तुमच्याबद्दल काय लिहू?" असं तो विचारायचा. "ते मी बघतो," म्हणून मी माझी ठरलेली ओळ घालायचो: सुबक टंकलेखन वेळेवर करून दिल्याबद्दल अमुक यांचा आभारी आहे. नावापुढे पेठही घालायचो. फुकटची जाहिरात होती ती. पुढे पुढे कोणी विचारायचंही बंद झालं. पानाच्या तळाशी जागा सोडून द्यायचे, ओळ माझी मी घालायचो.

माझा एक मित्र होता. कॉलेजात चार वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. तो बाहेरगावचा, खाणावळीत जेवणारा. पुण्यातल्या जुन्या हौदांवर त्याने प्रबंध घेतला, पण शहर त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. दोन उन्हाळे दर रविवारी मी त्याला बोळाबोळांतून हिंडवलं, म्हाताऱ्यांना बोलतं केलं. टाइप करताना माझ्या लक्षात आलं की तिसऱ्या प्रकरणात त्याने दोन हौदांची सरमिसळ केली आहे. पंधरा दिवस बाकीची कामं बाजूला ठेवून आम्ही ते प्रकरण नव्याने लिहिलं. तो सांगायचा, मी अडवायचो, मग तो पुन्हा सांगायचा.

शेवटी त्याने ऋणनिर्देशाचा कागद दिला. त्यात मार्गदर्शक होते, खाणावळवाल्या काकू होत्या, सायकल उसनी देणारासुद्धा होता. मी नव्हतो. खाली अर्धं पान कोरं होतं.

माझी ओळ बोटांना पाठ होती. पण ती गिऱ्हाइकांसाठी होती. याने स्वतःच्या हाताने काहीतरी लिहावं अशी माझी अपेक्षा होती. मी शेवटचा पूर्णविराम दिला आणि कागद ओढून काढला.

न्यायला आला तेव्हा त्याने ते पान उभ्याउभ्या वाचलं. "एवढंच?"

"तुझ्या कागदावर होतं तेवढं केलंय."

त्याने पान पुन्हा गठ्ठ्यात सरकवलं. मला राग आवरेना, आणि खरा राग बोलून दाखवता येईना. मी म्हटलं, "तळटिपांचा दर वेगळा पडेल."

"माझ्याकडूनही?"

"गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक."

त्याने पैसे टेबलावर ठेवले. घासाघीस केली असती तर बरं झालं असतं. तो गठ्ठा उचलून निघून गेला, याच शहरात प्राध्यापक झाला, आणि आम्ही एकमेकांना पाहून रस्ता बदलू लागलो.

ही हकिकत मी बायकोला इतक्यांदा सांगितली की शेवटी ती म्हणाली, "अहो, आता एक तर त्यांना जाऊन सांगा, नाही तर मला सांगू नका." तिच्यानंतर सांगायला कोणी उरलं नाही. कॉम्प्युटर आल्यावर जिन्याखालची जागाही सोडली.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. असल्या ठिकाणी मी जात नाही. गेलो, कारण तो येणार हे मला कळलं होतं. चहाच्या वेळी तोच काठी टेकत जवळ आला.

"एक विचारू? माझ्या प्रबंधातून तू तुझं नाव का गाळलंस?"

"मी गाळलं?"

"सगळ्यांच्या प्रबंधात तुझी ओळ तूच घालायचास. मी तुझ्याबद्दल लिहायला बसलो, तर नीट जमेना. तीन कागद फाडले. म्हटलं, अर्धं पान मोकळं सोडू, याला हवं ते हा लिहील. आणि तू पूर्णविराम देऊन मोकळा." तो कपात बघत होता. "मला वाटलं, तिसऱ्या प्रकरणात मी केलेला गोंधळ पाहून तुला त्या कामाला आपलं नाव लावावंसं वाटलं नाही."

म्हणजे इतकी वर्षं तोही तेच उराशी धरून बसला होता. मला एवढंच सांगायचं होतं की तू लिहिशील म्हणून मी थांबलो होतो. तोंडापर्यंत आलंही. पण मग चूक माझी निघत होती, आणि जिच्यावर आयुष्यभर कुढलो ती गोष्टच हातात उरत नव्हती.

"घाई होती तेव्हा," मी म्हणालो. "राहून गेलं."

"असेल," तो म्हणाला. त्याने कप टेबलावर ठेवला. "घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

"माझ्याकडेही नाही. सदाशिव पेठेतच आहे मी अजून. ये कधी."

मी मान हलवली. बाहेर त्याची रिक्षा आली होती.

त्याचं घर माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. परवा मी निघालो. काय बोलायचं ते वाटेत दोनदा म्हणूनही पाहिलं. त्याच्या इमारतीसमोर पोचलो तेव्हा तो गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होता. त्याने मला पाहिलं. हात थांबवून वाकून पाहिलं. खाली हातगाडीवर मेथी होती. मी भाजीवालीला जुडीचा भाव विचारला आणि मग तिच्याशी वाद घालत बसलो. "आजोबा, न्यायची तर न्या," ती शेवटी कंटाळून म्हणाली. जुडी घेऊन वर पाहिलं तर गॅलरी रिकामी होती. खालचं मघाशी बंद असलेलं दार आता उघडं होतं. मी थोडा वेळ थांबलो, आणि परत फिरलो.