कपाटातला पंप

बायको अमेरिकेला गेली त्या वर्षी आमची मुलगी दुसरीत होती. हडपसरच्या ज्या कारखान्यात मी कामाला होतो, तिथला आमचा विभाग बंद झाला आणि आम्हाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा त्यात नावापुरतीच होती. त्याच उन्हाळ्यात बायकोच्या सॉफ्टवेअर कंपनीने तिला वर्षभरासाठी ऑनसाइट पाठवायचं ठरवलं. एकाने कमवायचं, एकाने घरी राहायचं, इतका सरळ मामला होता. लोक विचारत, सध्या काय करता? मी सांगे, मुलीला सांभाळतो. त्यावर, ते ठीक आहे हो, पण करता काय, असं पुन्हा विचारणारे पुण्यात पुष्कळ भेटतात.

मुलीला लहानपणापासून खोकला होता. त्या पावसाळ्यात तो वाढला. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येई, बोलताना वाक्य मधेच तुटे. मी तिला बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेऊ लागलो. बाहेर बाकांवर सगळ्या आया बसलेल्या असत. मी गेलो की त्या सरकून जागा करून देत आणि त्यांचं बोलणं थोडं हळू होई. कुणी वाईट वागलं असं नाही. पण त्या एकमेकींना विचारत होत्या, सांगत होत्या, आणि मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत बसे. ते मला पाठ झालं होतं.

डॉक्टरीणबाई साठीच्या असतील. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, आई कुठे आहे? अमेरिकेत, म्हटल्यावर म्हणाल्या, मग तुम्हीच नीट लक्ष देऊन ऐका. त्या दिवशी त्यांनी दमा हा शब्द उच्चारला आणि दोन पंप लिहून दिले. एक धाप लागली की ओढायचा. दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ, काही होत नसलं तरी.

"दुसऱ्यात काय असतं?" मी विचारलं.

"स्टिरॉइड," त्या म्हणाल्या. "अगदी कमी मात्रेत."

त्यापुढचं त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही.

हा शब्द मला माझ्या आईमुळे माहीत होता. आम्ही मूळचे लोणी काळभोरचे. आईचे सांधे दुखत. गावातल्या एका डॉक्टरने तिला लहान पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि आई आठवड्याभरात उठून कामाला लागली. मग ती त्या गोळ्या दुकानातून स्वतःच आणू लागली. वर्षानुवर्षं घेत राहिली. तिचा चेहरा हळूहळू गोल झाला, तेव्हा बायका म्हणायच्या, तब्येत सुधारली. पुढे पाण्याची कळशी उचलताना तिचं मनगट मोडलं. मग पाठीचे मणके दबले. मोठ्या दवाखान्यात तिला मीच घेऊन गेलो होतो. तिथल्या तरुण डॉक्टरने गोळ्यांचं रिकामं पाकीट हातात धरून हा शब्द सांगितला तो पहिल्यांदा. त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही.

मी दोन्ही पंप विकत आणले. पहिला दप्तरात ठेवला. दुसरा कपाटाच्या वरच्या खणात, स्वेटरांच्या मागे ठेवून दिला.

बायकोचा फोन सकाळी, मुलगी शाळेत गेल्यावर येई. तिकडे तेव्हा रात्र असे. मी तिला सांगितलं. तिने ऑफिसात बसून इंटरनेटवर बरंच वाचून काढलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की औषध चांगलं आहे, जगभर देतात. मग काय करू, मी विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "अहो, मी इथून काय सांगणार? तिचा श्वास तुम्हाला ऐकू येतो, मला नाही. तुम्ही ठरवा. तुम्ही जे ठरवाल ते मला मान्य आहे."

तिने हे विश्वासाने म्हटलं होतं. तरीही आईचं काही न सांगताच मी रिसीव्हर खाली ठेवला. माझ्या आईला तिने फक्त फोटोत पाहिलं होतं. आईचं शेवटचं वर्ष परदेशच्या फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

बिबवेवाडीला राहणारी माझी थोरली बहीण रविवारी विहारातून परस्पर आमच्याकडे येई. तिने पंपाचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. एवढ्याशा पोरीला पंप लावला की तो जन्माचा चिकटतो, असं तिचं म्हणणं. तिच्या ओळखीत कुणाचा तरी असाच चिकटला होता. उद्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील, हेही तिने काढलं. जाताना ती अडुळशाचा काढा ठेवून गेली. मी त्यात मध घालून तो मुलीला दिला. ती नाक दाबून प्यायली. आठवडे गेले, खोकला होता तिथेच होता. कपाट उघडलं की स्वेटरांमागचं खोकं दिसे आणि मी दार लावून घेई.

संध्याकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मुलं पकडापकडी, लंगडी खेळत. मी गॅलरीतून बघत असे. आमची मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून कोण आउट, कोण नाही, ते सांगायची. मुलं तिचं ऐकत. मला त्याचं कौतुक वाटे. फोनवर बायकोलाही मी सांगितलं होतं की तुझी लेक पंच झाली आहे, आणि ती हसली होती.

एकदा शेजारची मुलगी वर आली आणि म्हणाली, "काका, तिला पाठवा ना खाली. आउट सांगायला कुणीच नाही."

खेळायला कुणी नाही, असं ती म्हणाली नाही. आमची मुलगी चपला घालत होती. मी तिला विचारलं, तू का नाही खेळत कधी?

ती चपलेचा पट्टा लावत राहिली. मग म्हणाली, "मी पळाले की छातीत आवाज येतो. मग सगळ्यांना थांबावं लागतं. पंच झालं की कुणाला थांबावं लागत नाही."

"शाळेतसुद्धा?"

"शाळेत मी सगळ्यांच्या वॉटरबॅगा सांभाळते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला टेन्शन येतं ना, पप्पा," असं म्हणून ती खाली गेली. मी गॅलरीत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना मी एकटाच दवाखान्यात गेलो. औषध अजून सुरू केलेलं नाही आणि मुलगी खेळात नुसती पंच होऊन बसते, हे बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या सोसायटीत डॉक्टर किती राहतात?"

"एकही नाही."

"मग सल्ले भरपूर मिळाले असतील."

मी आईबद्दल सांगायला लागलो. आजवर मी ते सगळं सलग कुणालाच सांगितलं नव्हतं. बाहेर मुलं रडत होती, पण बाईंनी घाई केली नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी समजावलं, की आईंनी घेतली ती गोळी, जास्त ताकदीची, कुणाच्या देखरेखीशिवाय. ती सगळ्या अंगात फिरते. पंपातलं औषध फार थोडं असतं आणि बहुतेक छातीतच काम करतं. तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, म्हणून प्रत्येक वेळी चूळ भरायची. उंची कदाचित सेंटिमीटरभर कमी भरेल. काहीच होणार नाही असं मी सांगणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

"आणि नाही दिलं तर?"

"एखाद्या दिवशी ती गंभीर आजारी पडू शकते. नाही पडली, तर पंच राहील."

त्याच संध्याकाळी मी पंप काढला. प्लास्टिकच्या नळीला तो जोडून मुलीला श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं. तिने ते माझ्यापेक्षा लवकर शिकून घेतलं. बहिणीला मी फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, तुझी मुलगी आहे बाबा, आणि महिनाभर आली नाही.

सुरुवातीला काहीच फरक पडला नाही. रोज सकाळी मुलगी दूध प्यायला बसली की मी तिचा चेहरा न्याहाळायचो. गाल गोल दिसतायत का? हनुवटी? ती विचारायची, काय बघताय, आणि मी सांगायचो, ओठाला दूध लागलंय. घरात दुसरं मोठं माणूस असतं तर त्याला विचारलं असतं की तुलाही तसं दिसतंय का. मग मी आरशात स्वतःचाच चेहरा बघून यायचो.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती रडत वर आली. दोन्ही गुडघे सोलवटले होते. पळताना पडले, म्हणाली. मी तिचे गुडघे धुतले, मलम लावलं. तिचा हुंदका ओसरला तेव्हा मी कान देऊन ऐकलं. छाती स्वच्छ होती. ती पुन्हा खाली गेली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरायला घेतली, ती तशीच टाकून फोनकडे आलो.

सकाळच्या फोनची वाट बघवली नाही. मीच बायकोला लावला. ती मीटिंगमध्ये होती, मागे इंग्रजी बोलणं चालू होतं. मी म्हणालो, आपली पोरगी आज पळाली. ती म्हणाली, "अरे वा. नंतर करते हं." नंतर तिने केलाही, पण मुलीने आईला गुडघ्यांचंच सगळं सांगितलं.

पंप काही वर्षं चालला. बाईंनी मात्रा कमी करत आणली आणि एक दिवस बंद केला. मुलगी आज आईपेक्षा उंच आहे, बंगळुरूला नोकरी करते. त्या दिवसांतलं तिला फारसं आठवत नाही.

ती तिकडे गेल्यानंतर एकदा चहा घेताना मी बायकोला माझ्या आईचं सगळं सांगितलं, गोळ्यांपासून मणक्यांपर्यंत. तिने कप खाली ठेवला.

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"फोनवर जमलं नसतं," मी म्हणालो.

"मी आले असते," ती म्हणाली.

आली असती, हे खरं असावं. मी दोन्ही कप उचलले आणि निवलेला चहा पुन्हा गरम करायला ठेवला.